मूकपटाचा प्रेक्षक मुका नव्हता

२०१२ च्या जानेवारीत लिव्हरपूल शहरातील एका चित्रगृहात काही मोजक्या प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले. तक्रार एवढीच की पडद्यावरची माणसे बोलत नाहीत. चित्रपट होता 'द आर्टिस्ट'. पुढच्याच महिन्यात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर पारितोषिके मिळाली.

वृत्तपत्रांनी त्या प्रेक्षकांची थट्टा केली. मूकपटाला जाऊन आवाज मागणारी माणसे, म्हणजे हसण्याचाच विषय. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ती तक्रार मौल्यवान आहे. सामान्य प्रेक्षकाने मूकपटाविषयी दिलेले थेट मत कागदावर उतरले, अशी उदाहरणे फार थोडी. ज्या काळात जगभर मूकपटच चालत होते, त्या काळातील चार आण्यांच्या प्रेक्षकाचे मत शोधू गेल्यास हाती जवळजवळ काहीच लागत नाही. ते का लागत नाही आणि ते कोठे शोधावे, हा या धाग्याचा विषय. वाट मुंबईच्या गिरगावातून निघते आणि भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांपर्यंत जाते.

प्रथम 'द आर्टिस्ट'विषयी थोडे. मिशेल हझानाव्हिसियस या फ्रेंच दिग्दर्शकाने २०११ साली हा चित्रपट केला. कथा १९२७ ते १९३२ या काळातील हॉलिवूडची: मूकपटांचा एक लाडका नायक बोलपट आल्यावर रस्त्यावर येतो आणि ज्या मुलीला त्याने कधी हात दिला ती आता तारका झालेली असते. चित्रीकरण रंगीत फिल्मवर झाले व नंतर ते कृष्णधवल करण्यात आले. पडद्याची चौकटही जुन्या चित्रपटांसारखी, चौरसाच्या जवळ जाणारी ठेवली गेली. समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. तरी विरोधी सूरही उमटले. 'व्हर्टिगो'ची नायिका किम नोव्हाक हिने त्या चित्रपटातील बर्नार्ड हरमनचे संगीत येथे वापरल्याबद्दल जाहिरात देऊन जळजळीत निषेध नोंदवला. कोणी म्हटले, हे जुन्या सिनेमाचे प्रेमपत्र आहे. कोणी म्हटले, ही नुसती हुबेहूब नक्कल.

या मतभेदांत एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरली होती. मूकपट म्हणजे शांतता. 'द आर्टिस्ट'मध्ये नायकाला एक स्वप्न पडते. त्यात पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज होतो आणि तो दचकतो. प्रसंग सुरेख आहे. पण त्याचे सारे सामर्थ्य आजच्या प्रेक्षागृहातील शांततेवर उभे आहे. अंधारात गप्प बसलेला, मोबाइल बंद केलेला, शेजाऱ्याने कुजबुज केली तरी मान वळवून पाहणारा प्रेक्षक हा अलीकडचा प्राणी आहे.

आता १९१३ च्या गिरगावात यावे.

३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. लांबी चार रिळे, सुमारे ३,७०० फूट. पाट्या इंग्रजीत आणि हिंदीत. त्या तिकिटात प्रेक्षकाला केवळ हरिश्चंद्र मिळत नव्हता. जाहिरातीत मिस आयरीन डेलमार हिचे नृत्य होते, मॅकक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश होता, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर नावाचा कसरतपटू होता आणि शेवटी 'टिप-टॉप' विनोदी चित्रे. म्हणजे भारतीय कथापटाचा आरंभ म्हणून आज ज्या खेळाचे शतक साजरे केले जाते, तो त्या दिवशीच्या माणसाला एका संमिश्र करमणुकीचा भाग म्हणून भेटला.

त्या गर्दीत आवाजही पुष्कळ. पडद्याजवळ हार्मोनियम-तबला किंवा अन्य वाद्ये. प्रक्षेपक एकच असेल तर रीळ बदलताना खेळ थांबणार आणि लोक बोलू लागणार. पाटी आली की वाचता येणारा माणूस ती मोठ्याने वाचणार, कारण भोवतालच्या बहुसंख्यांना अक्षरओळख नाही. जपानमध्ये या कामाला 'बेन्शी' नावाचा स्वतंत्र पेशाच होता आणि काही बेन्शींची कीर्ती नटांहून मोठी होती. आपल्याकडे असा पेशा तितका रुजला नाही. ते काम पुष्कळदा प्रेक्षकांतल्याच कोणीतरी केले. शेजारच्याला वाचून दाखवणारा तो अनामिक माणूस भारतीय मूकपटाचा अर्धा निवेदक होता, असे म्हणायला हरकत नाही.

सुरतेची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. तेथे पहिल्या दिवशी 'राजा हरिश्चंद्र'चे उत्पन्न अवघे ३ रुपये झाले. चार-सहा तास नाटक पाहण्याची सवय असलेल्या लोकांना तासाभराचा खेळ महाग वाटला. फाळक्यांनी मग जाहिरात बदलली: ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि सारे केवळ तीन आण्यांत. गर्दी लोटली. ही आख्यायिका थोडी रंगवलेली असेलही. ४ रिळांची फिल्म दोन मैल भरत नाही, हे तर साध्या गणितानेच दिसते. पण तिच्यात प्रेक्षकाचे मत दडले आहे. त्याने कलेची नव्हे, मोजमापाची तक्रार केली होती: पैशाच्या मानाने माल कमी. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनीही नेमके तेच म्हटले नव्हते काय?

'लंकादहन' (१९१७) हा फाळक्यांचा सर्वांत लोकप्रिय चित्रपटांपैकी एक. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. राम पडद्यावर येताच स्त्री-पुरुष साष्टांग नमस्कार घालीत, अशी हकिकत एरिक बार्नो आणि एस. कृष्णस्वामी यांच्या १९६३ च्या ग्रंथात येते. मद्रासला जमलेली नाणी बैलगाडीत घालून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, असेही सांगितले जाते. हकिकती वाचताना त्यांचे वय पाहावे. नमस्कार आणि लेखणी यांत चार दशकांहून अधिक अंतर आहे. शिवाय नमस्कार घालणाऱ्याने स्वतः काही लिहिलेले नाही. त्याच्याकडे पाहणाऱ्या कोणा सुशिक्षिताने ते लक्षात ठेवले. भोळ्या प्रेक्षकाची ही प्रतिमा आजही चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात जशीच्या तशी उतरवली जाते आणि ती सांगणाऱ्याच्या नजरेचा विचार क्वचितच होतो. जो माणूस रामलीलेत शेजारच्या गावच्या पोराला मुकुट घालून बसलेला पाहतो आणि त्याच्या पाया पडतो, त्याला तो पोरगा कोण हे ठाऊक असते. नमस्कार हा भ्रमच असला पाहिजे असे नाही. ती एक रीत असते.

उलट उदाहरणेही आहेत. बाबूराव पेंटर यांच्या 'सैरंध्री'तील (१९२०) कीचकवध इतका प्रत्ययकारी निघाला की पाहणारे हादरले आणि पुढे ते दृश्य कापले गेले. १९२१ च्या 'भक्त विदुर'मध्ये विदुराचा वेष गांधीजींची आठवण करून देणारा होता. मद्रासमध्ये आणि कराचीत त्यावर बंदी आली. चित्र मुके होते, कथा महाभारतातली होती, आणि तरीही लोक त्यातून काय वाचणार आहेत हे सरकारला पक्के कळले होते. सेन्सॉरची कात्री जेथे चालली तेथे प्रेक्षकाचे मत उलट्या ठशासारखे उमटलेले दिसते. मूकपटांच्या अभ्यासात बंदीचे आदेश म्हणूनच फार उपयोगी पडतात.

सरकारने एकदा हे मत रीतसर मोजण्याचाही प्रयत्न केला. १९२७ च्या अखेरीस टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी नेमली गेली. समितीने देशभर प्रश्नावल्या पाठवल्या, ३५३ साक्षीदार तपासले आणि १९२८ साली अहवाल दिला. स्वतः फाळक्यांनीही तिच्यापुढे साक्ष दिली. निष्कर्ष साधारण असा की सुशिक्षित वर्गाला पाश्चात्त्य चित्रपट रुचतात आणि बहुजनांना देशी, त्यातही पौराणिक. साक्षीच्या खंडांचा हा ऐवज अपूर्व आहे आणि हौशी अभ्यासकाने तो अवश्य चाळावा. मात्र साक्षीदार कोण, हे नजरेआड करू नये. अधिकारी, चित्रगृहमालक, निर्माते, संपादक, शिक्षक, समाजसेवक. बहुजनांना काय आवडते हे बहुजनांखेरीज बाकी सर्वांनी सांगितले. पुढच्या बाकांवर, पडद्याला नाक लावून बसणाऱ्या गिरणी कामगाराला प्रश्नावली गेली नाही. गेली असती तरी ती त्याला वाचता आली नसती.

प्रेक्षकाचे मत असे विरले आणि चित्रपटही विरले. मूकपटाच्या काळात भारतात सुमारे १,३०० चित्रपट निघाले. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांच्या रूपाने उरलेले जेमतेम तीस. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई. जुनी रिळे त्यांतल्या चांदीसाठी विकली जात. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोवर फार उशीर झाला होता. 'राजा हरिश्चंद्र'चा जो अंश आज दाखवला जातो, तोही १९१३ चा नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचा असावा, असे वीरचंद धरमशी यांच्यासारखे संशोधक मांडतात. म्हणजे ३ मे १९१३ रोजी गिरगावातील माणसांनी जे पाहिले ते आज कोणीच पाहिलेले नाही, असे मानण्यास सबळ कारण आहे.

याच रिकाम्या जागेत २००९ च्या सुमारास एक मराठी चित्रपट आला. परेश मोकाशी यांचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. नंदू माधव फाळके झाले, विभावरी देशपांडे सरस्वतीबाई. त्या वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो गेला आणि २०१० च्या जानेवारीत सर्वत्र प्रदर्शित झाला. शीर्षकामागे एक जुनी गोष्ट आहे. सिनेमात काम करणे इतके कमी प्रतीचे मानले जाई की फाळके आपल्या नटांना, कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो असे सांगा, असे बजावीत.

हा चित्रपट मूक नाही. त्यात भरपूर बोलणे आहे. पण त्याची चाल मूक विनोदपटांची आहे. माणसे लगबगीने येतात-जातात, संकट येते आणि पुढच्याच क्षणी त्याचा विनोद होतो. तारामतीसाठी नटी मिळेना, तेव्हा पुरुषांना मिशी काढायला सांगण्याचा प्रसंग चित्रगृहांत सर्वाधिक हशा मिळवून गेला असेल. मतेही दोन पडली. एका पक्षाला ही हलकीफुलकी तऱ्हा अतिशय भावली. दुसऱ्याचे म्हणणे असे की दागिने गहाण पडले, घरातील सामान विकले गेले, फाळक्यांची दृष्टी अधू झाली, आणि हे सारे इतक्या खेळकरपणे कसे सांगता येईल?

आक्षेप समजण्यासारखा आहे, तरी तो पुरता पटत नाही. फाळक्यांनी १९१७-१८ साली 'नवयुग' मासिकात स्वतःच्या धडपडीविषयी जे लिहिले, त्यात रडगाणे शोधून सापडत नाही. जादूचे प्रयोग करणारा, वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस चित्रित करून दाखवणारा हा माणूस मुळात खेळिया होता. हुतात्म्याचा फाळके नंतर घडवला गेला. शिवाय मोकाशींच्या चित्रपटात एक गोष्ट आहे जी 'द आर्टिस्ट'मध्ये नाही: शेजारीपाजारी. 'द आर्टिस्ट'चा नायक आरशाशी आणि आपल्या जुन्या प्रतिमेशी झगडतो. 'फॅक्टरी'तील फाळक्यांना चाळ, नातेवाईक, येणारेजाणारे सारे सतत काहीतरी सुनावत असतात. प्रेक्षकाचे मत तेथे चित्रपट तयार होण्याआधीच सुरू होते. १९१३ च्या वास्तवाला ते अधिक जवळचे वाटते.

तरीही दोन्ही चित्रपट आजच्या माणसाने गप्प बसूनच पाहिले. गलक्यात, रात्रभर, समूहाने पाहण्याची जुनी रीत कशी असेल, हे त्यांवरून कळत नाही. ती रीत डोळ्यांनी पाहायची तर दिवाळीनंतर पूर्व विदर्भात जावे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून झाडीपट्टी. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख. मूकपटांच्या काळात भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. नागपूरहून पूर्वेला जाणारी बंगाल-नागपूर रेल्वे भंडारा रोड आणि तुमसर रोड या स्थानकांवरून जाई. मुंबईचा चित्रव्यवसाय दूर होता. करमणूक गावातच घडत होती: दंडार, खडी गंमत, आणि मग त्यांच्याशेजारी वाढलेले झाडीपट्टीचे नाटक. धान कापून झाले की मंडई आणि शंकरपट यांचे दिवस येतात. गावोगाव पाहुणे लोटतात आणि रात्री नाटक लागते. ते दहा-साडेदहाला सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. मोकळ्या शेतात मंच, मंचासमोर जमिनीवर बसलेला जनसमुदाय, बाजूला वाद्यवृंद.

येथील प्रेक्षक स्वस्थ नसतो. गाणे आवडले की ते पुन्हा म्हणवून घेतो. खलनायकाला सुनावतो. थंडीत अंगावर घोंगडी-शाल ओढून पेंगतो आणि रंगलेला प्रवेश आला की शेजारी त्याला हलवून उठवतो. आजी नातवाला हलक्या आवाजात, पण चार रांगांना ऐकू जाईल इतक्या हलक्या आवाजात, पुढे काय होणार ते सांगते. सुरतेच्या प्रेक्षकाला तासाभराचा हरिश्चंद्र अपुरा का वाटला, हे येथे एक रात्र बसलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नाटक म्हणजे रात्र. त्याहून कमी म्हणजे फसवणूक.

येथे प्रेक्षकाच्या मताला किंमतही रोखीची आहे. नाटक गावातले मंडळ ठरवते, त्यासाठी नाट्यमंडळीला पैसे मोजते आणि तिकिटे विकते. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या मंडळींचे मोठे केंद्र. एखादा प्रयोग पडला तर पुढच्या मंडईला दुसरी मंडळी येते. समीक्षा लिहिली जात नाही. ती आमंत्रणाच्या रूपाने दिली किंवा नाकारली जाते.

एक सावधगिरी मात्र हवी. झाडीपट्टीकडे जुन्या काळाचा गोठलेला नमुना म्हणून पाहणे ही शहरी नजरेची आवडती चूक आहे. येथे ध्वनिवर्धक आहेत, विजेचे झगमगाटी दिवे आहेत, पुण्यामुंबईचे कलावंत येतात, चित्रपटांची गाणी येतात. तृषांत इंगळे यांच्या २०२२ च्या 'झॉलीवूड' या चित्रपटाने हे चित्र बरेच मोकळेपणाने मांडले. स्थानिक कलावंतांना घेऊन त्याने या रंगभूमीची ओढाताण, स्पर्धा आणि पैशाचे गणित दाखवले. जुन्या करमणुकीविषयीचा चित्रपट असूनही त्यात गहिवर कमी आहे, कारण ही करमणूक अद्याप मेलेली नाही. मेलेल्या गोष्टीवर प्रेमपत्र लिहिणे सोपे असते. जिवंत गोष्टीशी हिशेब करावा लागतो. 'द आर्टिस्ट' आणि 'झॉलीवूड' एकापाठोपाठ पाहिल्यास हा फरक लगेच जाणवतो.

तंबूतल्या सिनेमाचीही अशीच नोंद वेळेत झाली, ती शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटामुळे. महाराष्ट्रातील जत्रांमधून प्रक्षेपक घेऊन हिंडणारी माणसे त्यात आहेत. कॅमेरा पडद्याकडे जितका पाहतो तितकाच तो पडद्याकडे पाहणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यांकडे वळतो. फाळकेही आपले चित्रपट बैलगाडीतून गावोगाव नेत असत. त्या चेहऱ्यांकडे तेव्हा कोणी कॅमेरा वळवला नाही.

फाळक्यांनी स्वतः मात्र एकदा प्रेक्षकाकडे वळून पाहिले होते. 'कालियामर्दन' (१९१९) हा त्यांचा बराचसा शाबूत उरलेला चित्रपट. कृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्यापूर्वी ती नुसती आपल्यासमोर येते आणि चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते. सात वर्षांच्या मुलीचा अभिनय पाहा आणि मग खेळ पाहा, असे हे सरळ आवाहन. गायक मैफलीच्या आरंभी सूर लावून दाखवतो तसे. समोर दाद देणारा, बोलणारा, मत असलेला माणूस बसला आहे हे धरूनच असा आरंभ सुचतो.

भंडारा जिल्ह्यात अशा दादीचे पुरावे दर हिवाळ्यात नव्याने तयार होतात. नाटकाचे नाव, मंडळीचे नाव, तिकिटाचे दर आणि 'तीन अंकी' की 'सामाजिक' अशी जात छापलेली हस्तपत्रके गावभर वाटली जातात आणि दुसऱ्या दिवशी चुलीत जातात. मंडळांच्या हिशेबाच्या वह्यांत कोणत्या वर्षी कोणाला बोलावले आणि किती तिकिटे खपली, हे असते. साकोली, लाखनी, पवनीच्या घरांत तंबूतला सिनेमा आणि रात्रभराची दंडार या दोन्ही आठवणारी वयोवृद्ध माणसे अजून भेटतात. प्रश्नावली या वेळी त्यांच्याकडे न्यावी, आणि वाचूनही दाखवावी.